सलीम अली यांची उमेदवारी

परीक्षांचे निकाल लागतात, घरोघर पेढे वाटले जातात, आप्तेष्ट येऊन मुलाच्या पाठीवर हात ठेवून जातात. त्यानंतर दोन-चार महिन्यांनी तोच मुलगा प्रमाणपत्रांची पिशवी काखेत घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना दिसतो. जिथे जावे तिथे एकच प्रश्न विचारला जातो, पूर्वीचा अनुभव किती? अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही आणि नोकरी अनुभवाशिवाय मिळत नाही. या चक्रात आपल्या समाजातील कितीतरी हुशार पदवीधरांची उमेदीची वर्षे वाया जातात.

या चक्रातून बाहेर पडण्याची वाट नवी नाही. हल्ली कॉलेजांतून तिला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे तिला उमेदवारी असा जुना आणि सार्थ शब्द आहे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, कारखान्यात नव्या माणसाने काही काळ अल्प वेतनावर किंवा बिनपगारी राबावे, जाणत्याच्या हाताखाली हात तयार करून घ्यावा आणि मग स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी ती रीत. हिच्यात कमीपणा आहे असे आजच्या तरुणांना वाटते. पस्तिशीच्या घरात आल्यावर, हातची नोकरी बाजूला ठेवून ज्यांनी ही उमेदवारी पत्करली आणि पुढे जगात नाव मिळवले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र म्हणूनच येथे थोडक्यात सांगत आहे. ते म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी नेले. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी भाच्यांना पोटच्या मुलांसारखे वाढवले.

मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने लहानगा सलीम चिमण्या टिपत असे. एके दिवशी, वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी, त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ती खाणे धर्माला चालते की नाही ही शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून भाच्याला तिकडे पाठवले.

एवढ्या मोठ्या साहेबासमोर मेलेली चिमणी घेऊन उभे राहताना त्या मुलाची छाती धडधडली असेल. परंतु मिलर्ड यांनी त्याला हाकलले नाही. ही पीतकंठी चिमणी, असे सांगून त्यांनी कपाटाचे खण उघडले आणि संग्रहातील पक्ष्यांचे नमुने त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याचे कातडे उतरवून आत कापूस भरून टिकाऊ नमुना कसा तयार करावा, त्यावर तारीख व ठिकाण कसे नोंदवावे, हे त्याला संस्थेत शिकवण्याचीही व्यवस्था झाली. सलीम अलींच्या आयुष्यातील ही पहिली उमेदवारी. तिच्यासाठी प्रमाणपत्र लागले नाही. एका मुलाचे कुतूहल आणि एका जाणत्याची उदारता एवढेच भांडवल पुरले.

शाळेत मात्र त्यांचे चित्त लागेना. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी मागे लागली, शाळा वरचेवर बुडू लागली आणि हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. १९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले, परंतु पहिल्याच वर्षी गाडी अडली. कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे घरच्यांचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. सभोवार घनदाट जंगल. धंद्याचे हिशोब बघायला गेलेला तरुण पक्ष्यांच्याच मागे अधिक हिंडू लागला.

१९१७ मध्ये मुंबईस परत आल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीसी शिकण्यास सुरुवात केली. घरच्यांची इच्छा अर्थात मुलगा कामधंद्याला लागावा अशी होती. सेंट झेवियर कॉलेजातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. या मुलाचा खरा ओढा कुठे आहे हे त्यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सलीम अली सकाळी दावर्समध्ये जमाखर्च शिकत आणि नंतर झेवियरमध्ये प्राणिशास्त्राच्या तासांना बसत. तो अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला, परंतु विद्यापीठाची पदवी काही पदरात पडली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातीलच तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. भारत सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती केवळ पदवी नाही म्हणून त्यांना मिळू शकली नाही. पक्ष्यांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण सलीम अलींचे उदाहरण देऊन पदवीची काय गरज असे कोणी म्हणू लागेल, तर ते खरे नव्हे. पदवी नसेल तर कित्येक दारे उघडतच नाहीत, हे त्यांनी स्वतः भोगले.

अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने सुरू झालेल्या निसर्गविज्ञान विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमण्यात आले. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आवडीचा विषय, मुंबईतले वास्तव्य, दरमहा ठरलेला पगार. संसारी माणसाला आणखी काय हवे?

पण दोन वर्षांतच त्यांना उमगले की आपले ज्ञान तोकडे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रेक्षकांना पेटीतला पक्षी दाखवून त्याचे नाव सांगणे त्यांना जमत होते. त्या पक्ष्याचे वर्गीकरण शास्त्रीय कसोटीवर कसे करायचे, नमुन्यांची तुलना कशी करायची, निरीक्षणातून निष्कर्ष कसा काढायचा, याचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, आणि ते देणारी सोय त्या काळी हिंदुस्थानात नव्हती. १९२८ मध्ये त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि जर्मनीची वाट धरली. वय बत्तीस वर्षांचे. बरोबरीचे लोक हुद्द्यावर चढत होते, आणि हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी होण्यास निघाले होते.

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे नमुन्यांच्या प्रचंड संग्रहात, प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान हे पक्षिविभागाचे प्रमुख होते. पक्षिशास्त्रात त्या वेळी त्यांच्या तोडीचे विद्वान जगात मोजकेच. वयाने ते सलीम अलींपेक्षा सातच वर्षांनी मोठे. त्यांनी या परक्या, पदवी नसलेल्या माणसाला आपल्या टेबलाशेजारी जागा दिली आणि थेट कामाला जुंपले.

काम होते ब्रह्मदेशातील पक्ष्यांचे. जे. के. स्टॅनफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने तेथे गोळा केलेले नमुने तपासून त्यांची शास्त्रीय नोंद करायची होती. हे काम एका हिंदी माणसाने करावे, आणि तेही एका जर्मनाच्या मदतीने, ही गोष्ट क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज पक्षितज्ज्ञाला मुळीच रुचली नाही. त्याने मुंबईच्या सोसायटीला तशी पत्रे लिहिली. सोसायटीचे चालक रेजिनल्ड स्पेन्स आणि एस. एच. प्रेटर हे त्या पत्रांना बधले नाहीत. त्यांनी सलीम अलींना काम चालू ठेवण्यास सांगितले. उमेदवाराच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते, ते असे.

बर्लिनच्या त्या दिवसांत सलीम अलींनी नेमके काय मिळवले? एकेक नमुना हातात घेऊन पंखाची लांबी मोजणे, चोच मोजणे, पिसांच्या रंगातील सूक्ष्म फरक टिपणे, जुन्या ग्रंथांतील वर्णनांशी ताडून पाहणे. हे कष्टाचे आणि कंटाळवाणे काम. परंतु त्यातूनच शिस्त अंगी बाणली. हेलिगोलँड बेटावरील केंद्रात जाऊन त्यांनी पक्षी पकडून त्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालण्याची पद्धत पाहिली. असा कडेवाला पक्षी पुढे जिथे सापडेल तिथून त्याच्या प्रवासाचा माग लागतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कपाटातल्या मेलेल्या पक्ष्याइतकाच झाडावरचा जिवंत पक्षी हा शास्त्राचा विषय आहे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. स्ट्रेझमान यांना त्यांनी जन्मभर आपले गुरू मानले. जुन्या भाषेत सांगायचे तर, शागीर्दाला उस्ताद भेटला.

१९३० मध्ये ते मुंबईस परतले. हातात नवी विद्या आणि मनात मोठे मनसुबे. येऊन पाहतात तो नोकरीच राहिली नव्हती! पैशाअभावी म्युझियमने ती जागाच रद्द केली होती. युरोपात शिकून आलेला, जगातील श्रेष्ठ पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली तयार झालेला माणूस बेकार होऊन घरी बसला. उमेदवारी केली की लगेच फळ मिळते, असा समज करून घेणाऱ्यांनी सलीम अलींच्या आयुष्यातील हे वर्ष ध्यानात ठेवावे.

खर्च आटोक्यात राहावा म्हणून पति-पत्नी मुंबई सोडून अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेली. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील हे गाव. पाऊस सुरू झाला आणि आसपासच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी खोपे विणायला घेतले. कोकणातल्या कोणाही शेतकऱ्याने आयुष्यभर पाहिलेले हे दृश्य. सलीम अली मात्र बर्लिनची शिस्त घेऊन त्या झाडासमोर बसले. कोणता नर, कोणता खोपा, किती विणून झाला, मादी केव्हा आली, याची दिवसामागून दिवस बारकाईने नोंद करू लागले.

त्या नोंदींतून जे बाहेर आले ते आजवर कोणी नीट मांडले नव्हते. आपण या पक्ष्याला सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे, परंतु खोपा विणतो तो नर. तो खोपा अर्धामुर्धा विणून थांबतो. मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला की ती त्यात बिऱ्हाड करते आणि नर तो पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ जवळच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रज्ञांच्या वर्तुळात सलीम अली हे नाव माहीत झाले. बेकारीच्या दिवसांत, सरकारी प्रयोगशाळेशिवाय, एका खेड्यात केलेले हे काम. यासाठी लागणारी नजर मात्र बर्लिनच्या त्या टेबलावर तयार झालेली होती.

पुढची पायरी अशीच होती. हिंदुस्थानातील अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत याची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी सोसायटीपुढे प्रस्ताव मांडला. आपले श्रम आपण विनामूल्य देऊ, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा संस्थानांकडून मिळवून द्यावा. निजामाच्या सरकारने तो खर्च मान्य केला आणि १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी सुरू झाली. आपला मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक संस्थाने झाली. बैलगाडीचा प्रवास, तंबूतले वास्तव्य. तेहमिना बेगम या भ्रमंतीत त्यांच्यासोबत असत. नवऱ्याला पगार नाही म्हणून त्यांनी त्याला हिशेबाच्या वहीकडे परत ढकलले नाही. सलीम अलींच्या यशात या बाईंचा वाटा मोठा आहे.

या काळात त्यांना दुसरे गुरू लाभले, आणि तेही भांडणातून. ह्यू व्हिस्लर हे पंजाबातील पोलीस अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांच्या लिखाणातील भृंगराज पक्ष्याविषयीची एक चूक सलीम अलींनी दाखवून दिली. कोण कुठला हा अनोळखी हिंदी आपल्या चुका काढतो, म्हणून व्हिस्लर रागावले. परंतु माणूस सच्चा होता. त्यांनी नमुने पुन्हा तपासले, चूक कबूल केली आणि तेव्हापासून ते सलीम अलींचे स्नेही झाले. नमुना कसा गोळा करावा, टिपण कसे ठेवावे, हे ते पत्रांतून शिकवीत राहिले. हैदराबाद पाहणीचा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात आला तो व्हिस्लर यांच्या टिपणांसह.

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचे निधन झाले. सलीम अलींवर आभाळ कोसळले. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. दुःख गिळून ते कामाकडे वळले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले, आणि सामान्य वाचकाला दाराबाहेरचा पक्षी ओळखता येऊ लागला. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा १० खंडांचा कोश रचला. हे काम १९७४ मध्ये पुरे झाले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. हेलिगोलँडला पाहिलेली कडी घालण्याची पद्धत त्यांनी १९५९ नंतर सोसायटीच्या मोठ्या योजनेतून देशभर राबविली. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला.

मानसन्मान चालून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व. १९५८ मध्येच अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अडखळलेला मुलगा डॉक्टर सलीम अली झाला तो असा. याहूनही मोठी गोष्ट अशी की मुंबई विद्यापीठाने सोसायटीला पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता दिली आणि सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी एम. एस्सी. व पीएच. डी. होऊ लागले. ज्याला स्वतःला पदवी मिळाली नाही त्याच्या हाताखाली पदव्या मिळू लागल्या. मिलर्ड यांनी एका पोरासाठी जे खण उघडले होते, तेच त्यांनी पुढच्या पिढीसाठी उघडे ठेवले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे?

तरुण पदवीधरांनी घ्यावयाची गोष्ट ही की शिक्षण पदवीदान समारंभाच्या दिवशी संपत नाही. आपल्या विषयातील उत्तम जाणता कोण आहे याचा शोध घ्यावा, त्याच्याकडे जावे आणि पडेल ते काम करावे. काम कंटाळवाणे असेल, वेतन तुटपुंजे असेल, पण तेथे खरोखर काही शिकवले जाते काय, एवढे मात्र डोळसपणे पाहावे. नुसती फुकट राबणूक करून घेणाऱ्याचे काम म्हणजे उमेदवारी नव्हे. स्ट्रेझमान यांनी सलीम अलींना नमुने मोजायला बसवले, कागदपत्रे इकडून तिकडे नेण्यास नव्हे.

वडीलधाऱ्यांनी आणि समाजाच्या धुरिणांनी घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. सलीम अलींना घराण्याचा आधार होता, समजूतदार पत्नी होती, पाठ राखणारी संस्था होती. म्हणून ते पगाराविना काही वर्षे काढू शकले. गिरणी कामगाराचा, मच्छीमाराचा, फेरीवाल्याचा मुलगा सहा महिने बिनपगारी कसा राहील? त्याच्या घरची चूल त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते. आपण फीसाठी वजिफे देतो, पुस्तके देतो, हे चांगलेच आहे. परंतु पदवीनंतरच्या त्या सहा-आठ महिन्यांसाठी, मुलगा किंवा मुलगी एखाद्या चांगल्या ठिकाणी काम शिकत असताना, जाण्यायेण्याच्या आणि जेवणाच्या खर्चाची तजवीज झाली, तर कितीतरी घरांतील मुलांना ही वाट मोकळी होईल. आणि ज्यांची स्वतःची कचेरी, दवाखाना, कारखाना आहे, त्यांनी वर्षाकाठी एका तरी मुलाला आपल्या शेजारी जागा द्यावी.

मामांनी दिलेली एक चिठ्ठी आणि मिलर्ड साहेबांनी उघडलेला एक खण, यापासून हे सारे सुरू झाले. अशी चिठ्ठी लिहिणे आपल्यापैकी अनेकांना शक्य आहे.